फटका खाणाऱ्याची बाजू

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी जेजुरी, वाल्हे, नीरा घेत लोणंदला येते आणि पुढे वाठार, सातारा, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी करत सांगली-मिरजेला पोचते. लोणंद म्हटलं की महाराष्ट्राला दोन गोष्टी आठवतात, कांद्याचा बाजार आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम. क्रिकेटच्या इतिहासात या गावाचा उल्लेख शोधायला जाऊ नये. पण ज्या लोहमार्गावर ते वसलं आहे, त्याच्या दोन्ही टोकांना भारतीय फलंदाजीतली अफाट प्रकरणं आहेत. पुण्याच्या टोकाला भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावा आहेत. सांगलीच्या टोकाला विजय हजारे यांचं जन्मगाव आणि स्मृती मानधनाचं घर आहे. मधल्या पुरंदर तालुक्यात, पालखीच्याच वाटेवरच्या मुलखात, पारगाव मेमाणे हे ऋतुराज गायकवाडचं मूळ गाव आहे.

या मंडळींच्या फलंदाजीवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते समोरच्या माणसाबद्दल. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. तो चेंडू टाकला कुणी? पारावर बसलेल्या दहा क्रिकेटवेड्यांना विचारून बघा. श्रीलंकेचा नुवान कुलसेकरा, हे उत्तर फार तर दोघे देतील.

यात आपल्या विसरभोळेपणाचा दोष थोडा आणि धावफलकाचा जास्त. बळी घेतला की गोलंदाजाचं नाव फलंदाजाच्या नावापुढे कायमचं छापलं जातं. षटकार खाल्ला तर त्या सहा धावा त्याच्या एकूण हिशेबात विरघळून जातात. कोणता षटकार कुणाच्या चेंडूवर गेला, हे जुन्या धावफलकावरून कळायची सोयच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलने ही नोंद सांभाळली. तिथे गाजलेल्या प्रत्येक होम रनची गोष्ट दोन नावांनी सांगतात, मारणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या.

नऊ धावा कमी

आधी आपल्याच मैदानावरची गोष्ट. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर खेळायला आले. मूळचे कोल्हापूरचे, जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, म्हणजे ऐन एकोणतिशीतले. त्यांनी आणि कमल भांडारकरांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले.

४९४ मिनिटांत नाबाद ४४३ धावा, त्यात ४९ चौकार आणि षटकार फक्त एक. हिशेब मांडून बघा. चौकार-षटकारांच्या झाल्या २०२ धावा. उरलेल्या २४१ धावा माणसाने पळून काढल्या. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ही आजही सर्वांत मोठी खेळी आहे, आणि तिच्यात चेंडू सीमेपलीकडे हवेतून एकदाच गेला. आजच्या एखाद्या वीस षटकांच्या सामन्यात नवखा पोरगाही याहून जास्त षटकार मारतो.

डॉन ब्रॅडमन यांचा तेव्हाचा जागतिक विक्रम होता नाबाद ४५२ धावांचा. म्हणजे निंबाळकर नऊ धावा मागे होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या. अशा वेळी विश्रांतीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. आपल्याविरुद्ध जागतिक विक्रम झाल्याची नोंद त्यांना नको होती, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

ही हकिगत आपल्याकडे नेहमी चिडून सांगितली जाते, आणि चिडायला कारणही आहे. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. त्यांच्या नावावर राहिली ती एवढी एक खेळी आणि तिच्यातल्या नऊ धावांची उणीव. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात वारले. पण चीड बाजूला ठेवून या प्रसंगाकडे पाहिलं, तर त्यात एक साधी गोष्ट दिसते. फलंदाज कितीही मोठा असो, समोरून चेंडू येईपर्यंत त्याची बॅट म्हणजे लाकडाचा तुकडा आहे. निंबाळकरांना ब्रॅडमनपासून रोखायला त्या दिवशी एकही चांगला चेंडू लागला नाही. चेंडू टाकणाऱ्यांनी मैदान सोडलं, तेवढं पुरलं.

याच्या उलट चित्र ६ जून १९९४ ला इंग्लंडमध्ये एजबॅस्टनच्या मैदानावर दिसलं. ब्रायन लारा वॉरविकशायरकडून डरहॅमविरुद्ध खेळत होता. सामना अनिर्णित राहणार हे स्पष्ट झालेलं, डरहॅमला मिळवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्यांनी लाराला १२ धावांवर त्रिफळाचीत केलं होतं, तो नोबॉल निघाला. १८ वर त्याचा झेल सुटला होता. एवढं होऊनही डरहॅमचा संघ शेवटच्या षटकापर्यंत मैदानात उभा राहिला. ते षटक जॉन मॉरिसने टाकलं, जो मुळात फलंदाज. त्याच्या चेंडूवर चौकार मारून लारा ५०१ ला पोचला. प्रथम श्रेणीतली पहिली पाचशे जगाला मिळाली, त्यात डरहॅमच्या अकरा जणांचं थांबणंही जमेस धरायला हवं.

चार बेस आणि एक भिंत

होम रनच्या गोष्टींकडे जाण्याआधी तो खेळ थोडा समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो फलंदाजापासून १८.४४ मीटरवर असतो, म्हणजे आपल्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा थोडा जवळ. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. बॅट गोल दांडक्याची, त्यामुळे चेंडूला भिडणारा भाग अगदी अरुंद. मैदान फलंदाजापुढे हातपंख्यासारखं ९० अंशांत उघडतं, आणि त्या दोन रेषांच्या बाहेर मारलेला चेंडू फुकट. आपल्यासारखं मागे, बाजूला, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मारायची सोय नाही. हुकलेला किंवा सोडून दिलेला नीट चेंडू म्हणजे स्ट्राइक, अशा तीन झाल्या की माणूस बाद.

त्यामुळे या खेळात पिचरचं पारडं मुळातच जड आहे. दहा वेळा खेळायला येऊन तीनदा व्यवस्थित फटका मारणारा फलंदाज तिथे उत्तम गणला जातो. समोरची भिंत साधारण शंभर ते सव्वाशे मीटरवर असते, आणि प्रत्येक मैदानात तिचं अंतर व उंची वेगळी. चेंडू थेट त्या भिंतीपलीकडे गेला की होम रन. मग फलंदाजाने पहिला, दुसरा, तिसरा असे बेस पायाने शिवत घरच्या चौथ्या बेसवर यायचं. घाई नसते, कुणी अडवत नाही, तरी फेरी पूर्ण करावीच लागते. बेसवर आधीपासून थांबलेले साथीदारही त्याच्यासोबत घरी येतात. त्यामुळे एका फटक्यात एकापासून चारपर्यंत धावा मिळतात.

त्या फेरीला लागतो अर्धा मिनिट किंवा थोडा कमी. तेवढा वेळ पिचर मैदानाच्या मधोमध उभाच असतो. फलंदाज त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत असतो आणि पिचरला कुठे जाता येत नाही. आपल्याकडे षटकार खाल्लेला गोलंदाज मान खाली घालून रनअपच्या खुणेकडे तरी चालू लागतो. बेसबॉलमध्ये ती सवलतही नाही.

ब्रँका, टेरी, रूट आणि मूर

३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स या एकाच शहरातल्या हाडवैऱ्यांचा निर्णायक सामना. शेवटचा डाव, डॉजर्स ४-२ ने पुढे, जायंट्सचे दोघे बेसवर. डॉजर्सनी पिचर बदलून राल्फ ब्रँकाला आणलं. समोर बॉबी थॉमसन, आणि त्याच्यामागे खेळायला येणार होता विशीतला विली मेज. मेजवर वेळ आलीच नाही. ब्रँकाच्या दुसऱ्या चेंडूवर थॉमसनने डावीकडच्या भिंतीपलीकडे होम रन मारला आणि जायंट्स ५-४ ने जिंकले. अमेरिकेत जगभर ऐकू गेलेला बार म्हणून तो फटका ओळखला जातो. रेडिओवर त्याचं वर्णन करताना समालोचक रस हॉजेस एकच वाक्य पुन:पुन्हा ओरडत राहिला, आणि ते ध्वनिमुद्रण आजही वाजवलं जातं.

ब्रँका तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. कारकिर्दीतले बाकीचे सगळे चेंडू लोक विसरले, तो एक चेंडू विसरले नाहीत. पुढे २००१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने जुन्या खेळाडूंशी बोलून छापलं की त्या मोसमात जायंट्सची माणसं मैदानाच्या टोकाला असलेल्या आपल्या खोलीतून दुर्बिणीने विरोधी संघाचे इशारे वाचत आणि पुढचा चेंडू कोणता येणार हे आपल्या फलंदाजांपर्यंत पोचवत. थॉमसनने मात्र त्या चेंडूआधी आपल्याला इशारा मिळाल्याचं नाकारलं. ब्रँकाच्या कानावर ही लबाडी १९५० च्या दशकातच आली होती. त्याने बभ्रा केला नाही. उलट तो आणि थॉमसन मित्र झाले. वर्षानुवर्षं दोघं एकत्र कार्यक्रमांना जात, एकाच छायाचित्रावर दोघांच्या सह्या करून देत. फटका मारणारा आणि खाणारा असे दोघे जवळपास साठ वर्षं एकमेकांच्या सोबतीने जगले. थॉमसन २०१० मध्ये गेला, ब्रँका २०१६ मध्ये.

१३ ऑक्टोबर १९६०, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिथल्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना. न्यूयॉर्क यँकीजनी त्या मालिकेतल्या सात सामन्यांत मिळून ५५ धावा केल्या, पिट्सबर्गच्या पायरेट्सनी २७. तरीही मालिका जिंकली पायरेट्सनी, कारण शेवटच्या डावात बिल मॅझेरोस्कीने राल्फ टेरीला होम रन ठोकला. सातव्या सामन्याचा शेवट होम रनने व्हावा असं वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात तेवढं एकदाच घडलं आहे. मॅझेरोस्की मुळात क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेला गडी, मोठ्या फटक्यांसाठी नव्हे. फोर्ब्स फील्ड पुढे पाडलं गेलं, पण त्याच्या भिंतीचा एक भाग अजून जपून ठेवला आहे.

टेरीचं काय झालं? दोनच वर्षांनी, १९६२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, पुन्हा सातवा सामना आला आणि यँकीजनी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती दिला. यँकीज १-० ने पुढे, शेवटचा डाव, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे दोघे बेसवर आणि समोर विली मॅकव्ही. मॅकव्हीने मारलेला जोरदार फटका सरळ बॉबी रिचर्डसनच्या हातात गेला. यँकीज जिंकले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला राल्फ टेरी. ही दुसरी हकिगत पहिलीइतकी सांगितली जात नाही.

यँकीजच्या बेब रूथच्या १ ऑक्टोबर १९३२ च्या होम रनची दंतकथा तर सगळ्यांत मोठी. शिकागोच्या रिग्ली फील्डवर त्याने आधी भिंतीकडे बोट दाखवलं आणि पुढच्या चेंडूवर तिथेच चेंडू धाडला, अशी ती कथा. हाताने त्याने काहीतरी खूण केली हे खरं. ती भिंतीकडे होती, पिचरकडे होती की टोमणे मारणाऱ्या विरोधी खेळाडूंकडे, यावर वाद आहे. पिचर होता चार्ली रूट. रूथने भिंतीकडे बोट दाखवलं असतं तर पुढच्याच चेंडूवर आपण त्याला लोळवला असता, असं त्याचं आयुष्यभर म्हणणं होतं. रूथवर चित्रपट निघाला तेव्हा स्वतःचीच भूमिका करण्याचं बोलावणं रूटला आलं होतं. पडद्यावर ते बोट दाखवलं जाणार हे कळल्यावर त्याने नकार दिला. शिकागो कब्जच्या इतिहासात सर्वाधिक, २०१ सामने जिंकून देणारा पिचर हाच चार्ली रूट. ओळखला जातो तो त्या बोटामुळे.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक आरनने ७१५ वा होम रन मारून रूथचा ७१४ चा विक्रम मोडला. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या दैवताचा विक्रम मोडावा हे अनेकांना सहन होत नव्हतं. धमक्यांची पत्रं त्याला महिनोन्महिने येत होती, संरक्षणासाठी पोलीस द्यावा लागला होता. तो चेंडू टाकणारा डॉजर्सचा ॲल डाउनिंग हाही कृष्णवर्णीय, आणि दोघांच्याही पाठीवर क्रमांक एकच, ४४. त्या दिवशी डाउनिंगला आरनला लांब चेंडू टाकून, चालत पहिल्या बेसवर पाठवून वेळ मारून नेता आली असती. तो खेळला. आपण इतिहासात कुणाच्या तरी तळटिपेत जाणार याची त्याला कल्पना असणारच.

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते. १२ ऑक्टोबर १९८६, कॅलिफोर्निया एंजल्सचा संघ पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये जायला फक्त एक स्ट्राइक दूर. पिचर डॉनी मूर. बॉस्टनच्या डेव्ह हेंडरसनने होम रन मारला, एंजल्स तो सामना हरले आणि पुढे मालिकाही. मूरला आधीपासून खांद्याचं दुखणं होतं. त्यानंतर घरच्याच मैदानावर, घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत राहिले. जुलै १९८९ मध्ये त्याने पत्नीवर गोळ्या झाडल्या आणि आत्महत्या केली. पत्नी वाचली. त्याच्या आयुष्यात इतरही अडचणी होत्या आणि एका फटक्याने माणूस मरतो असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या हुर्योत आपला वाटा किती होता, हा प्रश्न तिथल्या बऱ्याच लोकांनी मग स्वतःला विचारला.

चांदीची बॅट

आपल्या देशातल्या षटकारांची सुरुवात जिथून मोजतात, तो दिवस १ डिसेंबर १९२६. मुंबईचं जिमखाना मैदान, हिंदू संघ विरुद्ध आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ. एमसीसीच्या गाय अर्लने आठ षटकार मारत १३० धावा केल्या होत्या. त्याला उत्तर दिलं नागपूरच्या कर्नल सी. के. नायडूंनी. दोन तासांच्या आत १५३ धावा, ११ षटकार. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर गेला. बातमी पसरली तशी माणसं कामधंदा सोडून मैदानाकडे धावली, असं त्या दिवसाचं वर्णन आहे.

चोप खाणाऱ्या एमसीसीने काय केलं? त्यांनी नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. त्याच महिन्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनीही त्याच संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. भारतात कसोटी दर्जाचं क्रिकेट खेळलं जातं, हे गिलिगनने मान्य केलं आणि तसं बोलूनही दाखवलं. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला आणि कर्णधार होते नायडू. भारतीय क्रिकेटच्या जन्मदाखल्यावर एक सही अशी फटका खाणाऱ्यांचीही आहे.

नंतरच्या काळात आपण खाणाऱ्याच्या बाबतीत इतके उदार राहिलो नाही. १८ एप्रिल १९८६ ला शारजात शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. तो फुल टॉस चेतन शर्माच्या मानगुटीवर कायमचा बसला. त्याच चेतन शर्माने दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, आपल्या नागपुरात न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांच्या ओळीने दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. महाराष्ट्राच्या मातीत घडलेली ही गोष्ट पोराबाळांना किती वेळा सांगितली आपण?

युवराज सिंगची गोष्ट आणखी गमतीची. ५ सप्टेंबर २००७ ला ओव्हलवर इंग्लंडच्या दिमित्री मस्कारेन्हसने युवराजच्याच एका षटकात पाच षटकार मारले. दोन आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला दरबानमध्ये, युवराजने स्टुअर्ट ब्रॉडला सहा मारले. ब्रॉड तेव्हा एकवीस वर्षांचा. तो खचून घरी बसला नाही. २०२३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६०४ कसोटी बळी होते. कारकिर्दीतला शेवटचा चेंडू खेळताना त्याने षटकार मारला आणि शेवटचा चेंडू टाकताना बळी घेतला.

दोन्ही टोकांचा माणूस

आता सांगली. ११ मार्च १९१५ रोजी तिथे विजय सॅम्युअल हजारे जन्मले. शिक्षकाचा मुलगा, ख्रिस्ती मराठी कुटुंब. धर्मवार संघांच्या त्या काळात ते उरलेल्यांच्या, म्हणजे ‘रेस्ट’ संघाकडून खेळत. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेस्टच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागी झाली, तिच्यात विवेक यांचा वाटा २१. तरी सामना रेस्ट हरले.

हजाऱ्यांचा खेळ हवेतून जाणारा नव्हता. शांत, जमिनीलगत, कंटाळा न करणारा. आणि त्यांच्याइतकं दोन्ही टोकांना उभं राहिलेला भारतीय त्या काळात विरळा. जानेवारी १९४८ मधली अ‍ॅडलेडची कसोटी पाहा. ब्रॅडमननी २०१ धावा कुटल्या, त्यांचा त्रिफळा उडवला हजाऱ्यांनी. मग फलंदाजीला उभे राहून पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५. त्या दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात बळी घेतले आणि भारताचे सहा जण शून्यावर बाद झाले. भारत डावाने हरला. ज्यांच्या चेंडूंवर ब्रॅडमननी धावा लुटल्या ते हजारे, आणि लिंडवॉलच्या माऱ्यासमोर टिकून उभे राहिले तेही हजारेच. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते.

सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना याच गावची. वडील जिल्हा पातळीवर खेळलेले, भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिने बडोद्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. २० सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६३ चेंडूंत १२५, शतक ५० चेंडूंत. एकदिवसीय सामन्यात इतक्या कमी चेंडूंत शतक तोवर कोणाही भारतीयाचं नव्हतं, विराट कोहलीचंही नाही. पण भारत तो सामना हरला, कारण आधी ऑस्ट्रेलियाने आपल्या गोलंदाजांना ४१२ धावा ठोकल्या होत्या.

त्या दिवशी मार खाल्लेल्या गोलंदाजांत दीप्ती शर्मा होती. सहा आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने दक्षिण आफ्रिकेचे पाच बळी घेतले आणि भारताच्या महिला पहिल्यांदा जगज्जेत्या झाल्या. दिल्लीतल्या ४१२ धावांवरून कुणी तिला घरी बसवलं असतं, तर नवी मुंबईचा तो दिवस उजाडला नसता.

त्रेचाळीस धावांचं षटक

२८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद. स्पर्धा सांगलीच्या हजाऱ्यांच्या नावाची, विजय हजारे करंडक. महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश, एकोणपन्नासावं षटक. डावखुरा फिरकी गोलंदाज शिवा सिंग, समोर ऋतुराज गायकवाड. पाचवा चेंडू नोबॉल निघाला, त्यामुळे षटकात सात चेंडू पडले आणि सातही सीमेपलीकडे गेले. ४३ धावा. १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजला रवी शास्त्रीने मारलेल्या सहा षटकारांच्याही एक पाऊल पुढे. ऋतुराज नाबाद २२० वर परतला, षटकार सोळा. निंबाळकरांच्या ४४३ मध्ये एक षटकार होता, हे इथे आठवतं. एकाच महाराष्ट्र संघाचे दोन फलंदाज, मध्ये चौऱ्याहत्तर वर्षं.

शिवा सिंग हा कुणी ऐरागैरा नाही. २०१८ मध्ये १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्याच वर्षी नायडूंच्या नावाच्या स्पर्धेत, सी. के. नायडू करंडकात, त्याने चेंडू टाकण्याआधी स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली होती. पंचांनी तो चेंडू बाद ठरवला आणि त्यावर जगभर चर्चा झाली. म्हणजे फलंदाजाला चकवायचे नवे मार्ग शोधणारा गोलंदाज. नोबॉलसह पाच षटकार खाल्ल्यावर सहाव्यासाठी आणि सातव्यासाठी तो पुन्हा खुणेपासून पळत आला. षटक अर्धवट टाकून गेला नाही.

महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोचला. ऋतुराजने तिथेही १०८ धावा केल्या. पण करंडक गेला सौराष्ट्राकडे. १९४८ मध्ये पुणे क्लबचं मैदान सोडून गेलेल्या त्या काठेवाडच्याच मुलखाचा हा संघ, १९५० पासून सौराष्ट्र नावाने खेळणारा. या वेळी ते शेवटपर्यंत खेळले आणि पाच गडी राखून जिंकले.

लोणंदच्या परिसरात

दिवाळी झाली, रब्बीच्या पेरण्या उरकल्या की नीरेच्या काठच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात. लोणंद, पाडेगाव, तरडगाव, फलटणपर्यंत हेच चित्र. मोजकी षटकं, सरळ सीमा जवळ, कडेला ऊस. पाडेगावच्या संशोधन केंद्रामुळे या भागातला ऊस महाराष्ट्राला माहीत आहे, आणि त्याच उसात शिरलेला चेंडू शोधायला क्षेत्ररक्षकाबरोबर निम्मं गाव लागतं. माइकवर कॉमेंट्री चालू असते. सलग तीन षटकारांना कुणी दुकानदार, कुणी बागायतदार रोख बक्षीस जाहीर करतो. सर्वाधिक षटकारांसाठी वेगळा चषक, उत्कृष्ट फलंदाजासाठी वेगळा.

आणि गोलंदाज? ‘धुतला’, ‘कुटला’, ‘पट्टा फिरवला’, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. हलका टेनिस बॉल, आखूड मैदान, आडवी बॅट फिरवणारा तगडा गडी, आणि बळी मिळाला तरच नाव. उत्कृष्ट गोलंदाजाचा चषक असतो, नाही असं नाही. पण सामना निसटत असताना कर्णधार ज्याच्या हातात चेंडू देतो, आणि पहिल्या दोन चेंडूंवर षटकार खाऊनही जो उरलेले चार चेंडू नेमके पायात टाकतो, त्याच्यासाठी कुठल्याही फलकावर रकाना नाही. ऊसतोड, कांद्याची काढणी, कारखान्यातली पाळी सांभाळून आलेला असा पोरगा जवळपास प्रत्येक संघात असतो.

मोठा फटका दोघांचा असतो. एकाने तो मारायचा आणि दुसऱ्याने, मार बसू शकतो हे ठाऊक असूनही, चेंडू टाकायचा. ठाकोरसाहेबांनी तो टाकू दिला नाही म्हणून निंबाळकर ४४३ वर अडकले. एमसीसीने टाकत राहून वर चांदीची बॅट दिली म्हणून नायडूंचे अकरा षटकार देशाचे झाले.

म्हणून या मोसमात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. फलकावर एक बक्षीस वाढवा. षटकार खाल्ल्यानंतर त्याच षटकात बळी घेणाऱ्याला किंवा पुढचे चेंडू निर्धाव टाकणाऱ्याला ते द्या. रक्कम थोडी असली तरी चालेल. आणि माइकवर बसणाऱ्यांनी षटकार गेला की मारणाऱ्याबरोबर टाकणाऱ्याचंही नाव घ्यावं, हुर्यो न उडवता. याला खर्च काहीच नाही.